एक द्रव्य, अनेक नामे : वेदनाशामक औषधांची नामव्यवस्था आणि परदेशी प्रवासी

परदेशी प्रवासास निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात औषधांची एक लहानशी पिशवी बहुधा असतेच. डोकेदुखी, दाढदुखी, अंगदुखी किंवा वाटेत आलेली कणकण यांवर वर्षानुवर्षे घेतलेल्या दोनतीन प्रकारच्या गोळ्या तीत असतात. त्या संपल्या म्हणजे अडचणीस आरंभ होतो. समजा, पुण्याहून शिकागोस मुलीकडे गेलेले एक गृहस्थ तेथील औषधांच्या दुकानात जाऊन ‘क्रोसिन’ मागतात. विक्रेता नकारार्थी मान हलवतो. गृहस्थ मग ‘पॅरासिटामॉल’ हे नाव उच्चारतात. तेही विक्रेत्याच्या ओळखीचे असेलच अशी खात्री नाही. वस्तुतः त्यांना हवे असलेले द्रव्य त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, फळीवरच्या डझनभर बाटल्यांत भरून ठेवलेले असते. त्या दुकानात द्रव्याचा अभाव नसतो. अभाव असतो तो ओळखीच्या नावाचा.

हा प्रश्न प्रथमदर्शनी वैद्यकाचा वाटतो. परंतु त्याचा मोठा भाग भाषेचा आहे. नाव आणि नामित वस्तू यांचा संबंध कसा जुळतो, कसा तुटतो आणि एका भाषिक समाजातून दुसऱ्यात जाताना त्याचे काय होते, हे पाहण्यास औषधांच्या नावांइतके स्पष्ट क्षेत्र क्वचितच सापडेल. शिवाय येथे नावाच्या गोंधळाचे फळ केवळ गैरसमजापुरते राहत नाही. ओळखीचे औषध न मिळणे ही लहान गैरसोय होय; पण जवळ असलेले औषध आणि नव्याने विकत घेतलेले औषध ही एकच आहेत हे न कळणे, हा जिवावर बेतणारा प्रमाद ठरू शकतो.

नामांचे तीन स्तर

प्रत्येक आधुनिक औषधास सामान्यतः तीन नावे असतात. पहिले रासायनिक नाव; ते द्रव्याच्या रेणूची रचना सांगते. दुसरे द्रव्यनाम, ज्यास व्यवहारात जेनेरिक नाव म्हणतात. ते त्या द्रव्याच्या कोणत्याही उत्पादकास वापरता येते. तिसरे व्यापारी नाव. ते एका उत्पादकाच्या मालकीचे असते व कायद्याने राखलेले असते.

भारतीय शब्दशास्त्राने शब्दांचे जे रूढ, यौगिक आणि योगरूढ असे भेद केले आहेत, ते या तीन स्तरांस बऱ्याच अंशी लागू पडतात. रासायनिक नाव हे यौगिक होय. त्याच्या अवयवांचा अर्थ जोडला की संपूर्ण नावाचा अर्थ मिळतो. व्यापारी नाव हे व्यवहारतः रूढ. त्याच्या जन्माच्या वेळी काही व्युत्पत्ती मनात असली तरी घेणाऱ्यास ती ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. द्रव्यनाम या दोहोंच्या मध्ये आहे. त्याचे अवयव रासायनिक नावातून घेतलेले असतात, परंतु ते इतके संक्षिप्त केलेले असतात की केवळ अवयवांवरून द्रव्य सिद्ध होत नाही. ते संकेतानेच कळते. म्हणून त्यास योगरूढ म्हणणे युक्त होईल.

प्रवाशाची अडचण या वर्गीकरणावरून स्पष्ट होते. त्याने आयुष्यभर जे नाव वापरले ते रूढ प्रकारचे असते, आणि रूढ शब्दाचे सामर्थ्य तो संकेत मानणाऱ्या समाजापुरतेच असते. ‘क्रोसिन’ हा शब्द भारतीय घराघरांत तापावरच्या गोळीचा वाचक आहे. परंतु रसायनशास्त्राच्या परिभाषेत हाच शब्द केशरास रंग देणाऱ्या द्रव्याचे नाव आहे. भारताबाहेरच्या एखाद्या जाणकार विक्रेत्यास हा शब्द ऐकून ज्वरापूर्वी केशराची आठवण झाली, तर त्यात त्याचा दोष नाही.

एका रासायनिक नावाची तीन अपत्ये

तथापि केवळ व्यापारी नावाऐवजी द्रव्यनाम वापरल्याने प्रश्न संपतो असेही नाही. पॅरासिटामॉलचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हे द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच प्रयोगशाळेत तयार झाले होते; १८९३ साली जर्मन वैद्य फॉन मेरिंग याने त्याचा रुग्णांवर उपयोगही केला होता. परंतु त्याची खरी योग्यता १९४८ साली ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांच्या संशोधनाने पुढे आली. १९५५ साली अमेरिकेत ते ‘टायलेनॉल’ या नावाने, तर १९५६ साली ब्रिटनमध्ये ‘पॅनाडॉल’ या नावाने विक्रीस आले.

या द्रव्याचे एक रासायनिक नाव पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फेनॉल असे आहे. या दीर्घ नावाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी कापून वेगवेगळी नावे बनवली गेली. ‘पॅरा’, ‘ॲसिट’, ‘ॲम’ आणि शेवटचे ‘ऑल’ एवढे अवयव घेतले की ‘पॅरासिटामॉल’ होते. आरंभीचा ‘पॅरा’ सोडून ‘ॲसिट’, ‘अमिनो’ आणि ‘फेन’ घेतले की ‘ॲसिटअमिनोफेन’ होते. ‘ॲसिटिल’मधील ‘टिल’ आणि ‘फेनॉल’मधील ‘एनॉल’ जोडले की ‘टायलेनॉल’ हे व्यापारी नाव होते. एकाच मातेची ही तीन अपत्ये. पण चेहऱ्यावरून ती भावंडे आहेत हे ओळखणे कठीण.

भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील देश यांनी ‘पॅरासिटामॉल’ हे द्रव्यनाम स्वीकारले, तर अमेरिका, कॅनडा आणि जपान येथे ‘ॲसिटअमिनोफेन’ हे नाव चालते. अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीवरून मिळणाऱ्या औषधांच्या वेष्टनावर याच द्रव्यासाठी ए-पी-ए-पी अशी केवळ आद्याक्षरेही छापलेली आढळतात. ॲसिटिल, पॅरा, अमिनो आणि फेनॉल या चार अवयवांची ती आद्याक्षरे होत. अर्थात शिकागोतील त्या गृहस्थांनी ‘ॲसिटअमिनोफेन’ एवढा एकच शब्द उच्चारला असता तर प्रश्न तत्काळ सुटला असता.

आंतरराष्ट्रीय नामकरणाचे व्याकरण

असा गोंधळ टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली एका ठरावाने औषधद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरणाचा पाया घातला, आणि १९५३ साली अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. ‘पॅरासिटामॉल’ हे या योजनेतील मान्य नाव होय. अमेरिकेने मात्र आपले वेगळे नाव कायम ठेवले.

या योजनेची तत्त्वे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावीत अशी आहेत. नाव उच्चारास व लेखनास स्पष्टपणे वेगळे असावे, ते गैरसोयीचे वाटेल इतके लांब नसावे, आणि प्रचलित नावांशी त्याचा घोटाळा होऊ नये, ही सामान्य तत्त्वे झाली. त्याहून सूक्ष्म असे लेखनाचे नियमही आहेत. रोमन लिपीतील पी-एच या जोडीऐवजी एफ, टी-एचऐवजी टी आणि वायऐवजी आय लिहावे. एच आणि के ही अक्षरे शक्यतो टाळावीत. अनेक भाषा बोलणाऱ्यांच्या जिभेस आणि लेखणीस एकच नाव सोयीचे व्हावे, हा त्यामागील हेतू. ‘आयबुप्रोफेन’ हे नाव आयसो-ब्युटिल, प्रोपिऑनिक आणि फेनिल या अवयवांपासून झाले. त्यातील ‘फेन’ हा अवयव मूळ नावात पी-एचने लिहिला जात असूनही द्रव्यनामात एफने लिहिला जातो. उलट अमेरिकी ‘ॲसिटअमिनोफेन’मध्ये तोच अवयव पी-एचनेच राहिला आहे. एकाच अवयवाची ही दोन लेखने दोन नामपद्धतींची खूण म्हणून पाहता येतात.

परंतु या योजनेतील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व प्रत्ययांचे आहे. सारखे कार्य करणाऱ्या द्रव्यांच्या नावांस एक समान अवयव लावला जातो. बहुधा तो शेवटी येतो. आयबुप्रोफेन, कीटोप्रोफेन, फ्लर्बिप्रोफेन आणि जपानमध्ये फार खपणारे लॉक्सोप्रोफेन या सर्वांच्या अंती ‘प्रोफेन’ आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक आणि कीटोरोलॅक यांच्या अंती ‘ॲक’ आहे. सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब यांच्या अंती ‘कॉक्सिब’ आहे. संस्कृतातील कृत् प्रत्यय ज्याप्रमाणे धातूपासून बनलेल्या शब्दाचा वर्ग सांगतो, त्याप्रमाणे हा अवयव औषधाचा वर्ग सांगतो.

याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. ज्यास जठरव्रणामुळे, मूत्रपिंडाच्या विकारामुळे किंवा विशिष्ट प्रकारच्या दम्यामुळे आयबुप्रोफेन घेऊ नये असे डॉक्टरने सांगितले आहे, त्याने टोकियोतील दुकानात ‘लॉक्सोप्रोफेन’ हे नाव वाचताच थांबावे. शब्द अनोळखी असला तरी त्याचा अंत ओळखीचा आहे, आणि तो अंतच येथे धोक्याची सूचना देतो.

विशेषनाम सामान्यनाम होते तेव्हा

व्यापारी नाव हे व्याकरणदृष्ट्या विशेषनाम असते. अतिपरिचयाने ते सामान्यनाम बनते, हा अर्थविस्ताराचा प्रकार मराठीस नवा नाही. ‘डालडा’ हे एका मालाचे नाव पुढे वनस्पती तुपाचेच नाव झाले. वेदनाशामकांच्या इतिहासात याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘ॲस्पिरिन’ हे आहे.

१८९९ साली बायर या जर्मन कंपनीने हे नाव नोंदवले. त्यातील ‘ॲ’ हा ॲसिटिलचा, ‘स्पिर’ हा स्पायरिया या वनस्पतीच्या नावाचा आणि ‘इन’ हा त्या काळी औषधांच्या नावांस सर्रास लागणारा प्रत्यय. पहिल्या महायुद्धात कंपनीची अमेरिकेतील मालमत्ता जप्त झाली. आणि १९२१ साली तेथील न्यायाधीश लर्नेड हँड यांनी असा निर्णय दिला की, सर्वसाधारण ग्राहकाच्या मनात ‘ॲस्पिरिन’ हा शब्द विशिष्ट उत्पादकाचा वाचक न राहता द्रव्याचाच वाचक झाला आहे. अर्थनिश्चिती लोकव्यवहारावर अवलंबून असते, हे तत्त्वच जणू या निर्णयाने मान्य केले. तेव्हापासून अमेरिकेत कोणत्याही उत्पादकाची गोळी ‘ॲस्पिरिन’ म्हणून विकली जाते.

जर्मनी आणि कॅनडा येथे मात्र हा शब्द अद्यापि एका कंपनीच्याच मालकीचा आहे. तेथे अन्य उत्पादकांची तीच गोळी जर्मनीत ए-एस-एस आणि कॅनडात ए-एस-ए या आद्याक्षरांनी ओळखली जाते. ही आद्याक्षरे अनुक्रमे जर्मन व इंग्रजी रासायनिक नावाची होत. तेव्हा बर्लिनच्या दुकानात ‘ॲस्पिरिन’ मागणाऱ्यास एका कंपनीचा माल पुढे केला जातो, आणि शेजारच्या फळीवर तेच द्रव्य दुसऱ्या नावाखाली, पुष्कळदा कमी किमतीत, पडून असते. शब्द एकच, न्यूयॉर्कमध्ये तो सामान्यनाम आहे आणि बर्लिनमध्ये विशेषनाम.

एक नाम, अनेक द्रव्ये

येथवर पर्यायवाचकतेचा, म्हणजे एका द्रव्याच्या अनेक नावांचा विचार झाला. अनेकार्थतेचा, म्हणजे एका नावाच्या अनेक द्रव्यांचा प्रकार अधिक धोक्याचा आहे. कारण तेथे प्रवाशास आपण चुकत आहोत अशी शंकाही येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली परदेशी औषधे घेणाऱ्यांस याविषयी जाहीर इशारा दिला होता. त्यात दिलेले एक उदाहरण असे की, ‘फ्लोमॅक्स’ हे नाव अमेरिकेत पौरुषग्रंथीच्या वाढीवरील टॅमसुलोसिनचे आहे, तर इटलीत त्याच नावाने मॉर्निफ्लुमेट हे दाहशामक विकले जाते. ‘डिलाकोर’ हे नाव अमेरिकेत रक्तदाबावरील डिल्टियाझेमचे, तर सर्बियात हृदयविकारावरील डिगॉक्सिनचे होते.

याहून नित्याचा प्रकार म्हणजे एका लोकप्रिय नावाची छत्री अनेक निरनिराळ्या द्रव्यांवर धरणे. जपानमध्ये ‘बफरिन-ए’ या गोळीत ॲस्पिरिन असते, परंतु त्याच ‘बफरिन’ नावाच्या मालिकेतील दुसऱ्या एका गोळीत आयबुप्रोफेन आणि ॲसिटअमिनोफेन ही दोन द्रव्ये असतात. चीनमध्ये ‘ताइनुओलिन’ हे केवळ पॅरासिटामॉलचे व्यापारी नाव आहे. त्यातील शेवटचे अक्षर गळून ‘ताइनुओ’ झाले की ते सर्दीवरील चार द्रव्यांच्या मिश्रणाचे नाव होते. एका अक्षराच्या लोपाने तीन द्रव्यांची भर पडते.

याच्या उलटही घडते. ऑस्ट्रेलियात ‘न्यूरोफेन’च्या पाठदुखी, मासिक पाळीतील वेदना, अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी अशा चार निरनिराळ्या वेदनांसाठी चार निरनिराळी वेष्टने विकली जात होती, चारही वेष्टनांत एकच द्रव्य, एकाच मात्रेत होते. तेथील संघीय न्यायालयाने २०१५ साली हे विक्रीचे स्वरूप दिशाभूल करणारे ठरवले आणि २०१६ साली अपिलात दंडाची रक्कम ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर इतकी वाढवण्यात आली. वाचक शब्द चार असले म्हणजे वाच्य अर्थही चार असले पाहिजेत, ही सामान्य भाषकाची स्वाभाविक अपेक्षा असते. त्या अपेक्षेचाच येथे उपयोग करून घेतलेला होता.

भारतीय वैद्यकास ही समस्या अपरिचित नाही. आयुर्वेदातील निघंटुग्रंथ हे वस्तुतः द्रव्यनामांचे पर्यायकोशच होत. गुळवेलीस गुडूची, अमृता, छिन्नरुहा अशी अनेक नावे देऊन त्यांनी पर्यायवाचकतेची व्यवस्था लावली. तरीही काही नावे संदिग्ध राहिलीच. वातविकारांवर, म्हणजे सांधेदुखी-अंगदुखीवर, सांगितलेली ‘रास्ना’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. उत्तर भारतात या नावाने एक वनस्पती वापरली जाते, तर केरळात कुळिंजनाच्या जातीची निराळीच वनस्पती. वेदनाशामक द्रव्य मागताना प्रदेशपरत्वे भिन्न वस्तू हाती येणे, हा अनुभव विमानप्रवासाच्या कितीतरी आधीचा आहे.

ध्वनी आणि लिपी

नाव योग्य असले तरी ते ऐकणाऱ्याच्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून जावे लागते. जपानी भाषेत स्वररहित व्यंजनांचे जोड सामान्यतः होत नाहीत. म्हणून आयबुप्रोफेन तेथे ‘इबुपुरोफेन’ आणि ॲस्पिरिन ‘आसुपिरिन’ होते. अरबी भाषेत ‘प’ हा स्वनिम नसल्याने ‘पॅनाडॉल’ पुष्कळदा ‘बनादोल’ असे ऐकू येते. हे बदल नियमित असल्यामुळे त्यांचा पूर्वअंदाज बांधता येतो.

चिनी भाषेत मात्र ध्वनीचे साम्य पुरेसे नाही, कारण तेथे नावाचे लेखन अर्थवाही चिन्हांनी होते. आयबुप्रोफेनचे ‘बुलुओफेन’ हे ध्वनीचे अनुकरण होय. पॅरासिटामॉलचे अधिकृत नाव मात्र रासायनिक नावाचा अवयवशः केलेला अनुवाद आहे. त्यात मूळ नावाचा ध्वनी शोधून सापडणार नाही. याखेरीज ‘पू-रऽ-शी-थुंग’ असे एक जुने नावही प्रचारात आहे. ते पॅरासिटामॉलच्या ध्वनीची पुसट आठवण ठेवते आणि त्याच वेळी त्यातील चिन्हे ‘ताप हटवणे, वेदना शमवणे’ असा अर्थ देतात. ध्वनी आणि अर्थ दोन्ही साधणाऱ्या शब्दग्रहणाचा हा सुंदर नमुना आहे. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने निष्कर्ष एवढाच की चीनमध्ये उच्चारापेक्षा लिहून घेतलेली चिन्हे उपयोगी पडतात.

‘मेडिकल’ आणि ‘पित्त’ : मराठी व्यवहारातील शब्द

वस्तूचे नाव ठरले तरी ती मिळण्याच्या जागेचे नाव उरते. मराठीत इंग्रजी विशेषणाचे नाम करून ‘मेडिकल’ हा शब्द औषधाच्या दुकानासाठी रूढ झाला आहे; ‘मेडिकलमधून गोळ्या आण’ हे वाक्य मराठी घरात सहज उच्चारले जाते. इंग्लंडमध्ये या अर्थी तो कोणासही कळणार नाही. जर्मनीत ‘ड्रोगेरी’ हा शब्द वाचून अमेरिकी ‘ड्रगस्टोअर’ची आठवण होते, परंतु तेथे साबण, दंतमंजन यांसारख्या वस्तू मिळतात, पॅरासिटामॉल मिळत नाही. त्यासाठी ‘अपोथेके’मध्ये जावे लागते. दोन भाषांतील सारख्या दिसणाऱ्या आणि भिन्न अर्थाच्या शब्दांचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

‘चिठ्ठीशिवाय मिळणारे औषध’ या संकल्पनेची व्याप्तीही देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल किराणा दुकानातही मिळते, पण १९९८ पासून तेथे एका वेष्टनात १६ गोळ्यांची मर्यादा आहे. औषधालयात ती ३२ आहे. जर्मनीत १० ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल असलेल्या वेष्टनास चिठ्ठी लागते. फ्रान्समध्ये जानेवारी २०२० पासून पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन ही औषधे ग्राहकास स्वतः फळीवरून उचलता येत नाहीत; ती विक्रेत्याकडे मागावी लागतात. अमेरिकेत मात्र शेकडो गोळ्यांची बाटली सहज हाती येते. भारतात प्रचलित असलेले निमेसुलाइड अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मान्यच नाही. तेव्हा ते तेथे कोणत्याही नावाने शोधणे व्यर्थ होय.

जेथे मागणे अपरिहार्य आहे तेथे वेदनेचे वर्णनही करावे लागते, आणि येथे मराठी भाषकापुढे निराळीच अडचण उभी राहते. मराठीत डोके ठणकते, जखम ठसठसते, पाठीत चमक भरते, कंबरेत उसण भरते, पोटात कळ येते. वेदनेच्या वर्णनावरून तिचे मापन करण्याची जी प्रश्नावली रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठातून प्रसिद्ध केली, ती ७८ इंग्रजी विशेषणांवर आधारलेली आहे. मराठीत मात्र हा अर्थभेद विशेषणांपेक्षा क्रियापदांनी आणि नामांनी व्यक्त होतो. म्हणून शब्दास शब्द देऊन भाषांतर साधत नाही.

‘पित्त’ या शब्दाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ‘पित्ताने डोके दुखते’, ‘पित्त झाले’ आणि ‘अंगावर पित्त उठले’ या तीन वाक्यांत अनुक्रमे अर्धशिशीसारखी डोकेदुखी, जठरातील आम्लता आणि त्वचेवरील गांधी असे तीन भिन्न विकार सूचित होतात. कोशातील प्रतिशब्द पाहून यकृतातील पाचक रसाचे इंग्रजी नाव विक्रेत्यास सांगितले, तर तो भलत्याच आजाराचा विचार करील. तीच गोष्ट ‘गोळी गरम पडते’ या वाक्याची. वेदनाशामकाने पोटात जळजळ होते, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो. परंतु ही जळजळच आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन न देण्याचे कारण ठरू शकते. तिचा शब्दशः अनुवाद केल्यास ती महत्त्वाची माहिती विक्रेत्यापर्यंत पोहोचतच नाही. पूर्वी एखाद्या गोळीने अंगावर पित्त उठले असल्यास तेही ‘औषधाने अंगावर गांधी उठल्या’ अशा स्वरूपात सांगणे अगत्याचे आहे.

नामाज्ञानाचे परिणाम

आता शिकागोतील त्या गृहस्थांकडे पुन्हा वळू. त्यांच्याजवळ भारतातून आणलेल्या ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या शिल्लक आहेत असे मानू. अंगदुखीसाठी त्या दिवसातून चार वेळा घेतल्यास २,६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जाते. त्यातच सर्दी झाली, म्हणून त्यांनी तेथील सर्दीवरचे संयुक्त औषध आणले. त्याच्या प्रत्येक कॅप्सूलमध्ये ३२५ मिलिग्रॅम ॲसिटअमिनोफेन आहे, आणि सूचनेप्रमाणे दोन-दोन कॅप्सूल दिवसातून चार वेळा घेतल्या. हे आणखी २,६०० मिलिग्रॅम झाले. दोन्ही औषधे सूचनेनुसारच घेतली गेली, तरी एकूण मात्रा ५,२०० मिलिग्रॅम होते. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम आहे.

अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत तीव्र यकृतनाशाच्या कारणांत या द्रव्याची अतिमात्रा अग्रस्थानी आहे. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी लक्षणे पुष्कळदा जाणवतच नाहीत, आणि ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. त्यामुळे लक्षणांची वाट पाहणे घातक होय. मात्रा अधिक झाल्याचे ध्यानात येताच रुग्णालय गाठले पाहिजे. या प्रसंगातील चूक गणिताची नव्हे. बेरीज करावयाची आहे हेच कळले नाही, कारण दोन नावांमागील एक वस्तू दिसली नाही.

दुसरा धोका ज्वराचा आहे. डेंग्यूची लक्षणे डास चावल्यानंतर साधारणतः चार ते दहा दिवसांनी दिसतात. त्यामुळे भारतात डास चावलेला प्रवासी परदेशी पोचल्यावर तापाने आजारी पडू शकतो. अशा तापात रक्तस्रावाच्या भयामुळे ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावयाची असतात. वेष्टनावरचे व्यापारी नाव हे भेद सांगत नाही, द्रव्यनाम सांगते.

तिसरा धोका कायद्याचा. ब्रिटनमध्ये कोडीन आणि पॅरासिटामॉल यांचे अल्पमात्रेचे मिश्रण ‘को-कोडॅमॉल’ या नावाने औषधालयात चिठ्ठीशिवाय मिळते. त्यातील ‘को’ हा उपसर्ग संयुक्त औषधाचा निदर्शक आहे. ऑस्ट्रेलियात १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीनयुक्त औषधांस चिठ्ठी आवश्यक झाली. संयुक्त अरब अमिरातींत कोडीन आणि ट्रॅमडॉल ही नियंत्रित द्रव्ये असून ती नेण्यास पूर्वपरवानगी लागते. इजिप्तमध्ये २०१७ साली एका ब्रिटिश प्रवासी महिलेस ट्रॅमडॉलच्या गोळ्या सोबत आणल्याबद्दल तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. सीमेवरचा अधिकारी व्यापारी नावावर थांबत नाही; आत कोणते द्रव्य आहे हेच तो पाहतो.

उपसंहार

या विवेचनातून प्रवाशासाठी निघणारा नियम साधा आहे. औषध व्यापारी नावाने लक्षात न ठेवता द्रव्यनाम आणि मिलिग्रॅममधील मात्रा या जोडीने लक्षात ठेवावे. भारतीय वेष्टनावर ही जोडी शोधणे आता पूर्वीपेक्षा सुलभ आहे. २०१८ साली अमलात आलेल्या नियमानुसार द्रव्यनाम हे व्यापारी नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठ्या टंकात छापणे बहुतेक औषधांच्या बाबतीत आवश्यक झाले आहे. निघण्यापूर्वी एका कागदावर नेहमीच्या औषधांची द्रव्यनामे रोमन लिपीत उतरवून घ्यावीत. पॅरासिटामॉलच्या शेजारी ॲसिटअमिनोफेन हे दुसरे नाव अवश्य लिहावे. वर्ज्य औषधांचीही अशीच यादी असावी. गोळ्या मूळ वेष्टनासह न्याव्यात, आणि नवे औषध विकत घेताना त्याच्या मागील बाजूचे घटक त्या कागदाशी ताडून पाहावेत.

अभ्यासकांसाठी मात्र येथे बरेच काम शिल्लक आहे. ठणका, कळ, चमक, उसण, कणकण यांसारख्या मराठी वेदनावाचक शब्दांचा अर्थक्षेत्राच्या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास, त्यांचे प्रादेशिक भेद आणि त्यांना वैद्यकाच्या भाषेत उतरवण्याची रीत, हे विषय पदव्युत्तर संशोधनास सर्वथैव योग्य आहेत. अशा अभ्यासाचा लाभ परदेशातील दुकानात उभ्या असलेल्या प्रवाशास तर होईलच; परंतु इस्पितळात ‘काय होते आहे’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या बोलीत देणाऱ्या महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णास तो त्याहून अधिक होईल.